चौकातली देवी आणि भिंतीवरचं घड्याळ

(हे आपल्या भागाचं लेखी रूप आहे. बोलताना झालेली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

मागचे काही भाग आपण लढाया, तह आणि राजधान्या यांतच फिरत होतो. आज जरा घरात बसूया. भिंतीकडे तोंड करून.

गेल्या वर्षी मी विरारला घर घेतलं. हप्ते सुरू झाले, भिंती मोकळ्या दिसायला लागल्या, आणि मग सगळे करतात तेच मीही केलं. रात्री दीड वाजता ऑनलाइन सजावटीच्या वस्तू बघत बसलो. त्यात एक घड्याळ आवडलं. गेरूसारखा तांबडा चौरस, त्याच्या चारी बाजूंनी पांढरी वारली नक्षी, आणि मधोमध काटे. मागवलं, टांगलं, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आईचा अंगठा आला. विषय संपला.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मूळच्या विक्रमगडकडच्या. दुसऱ्या दिवशी फरशी पुसता पुसता त्या थांबल्या, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, इथे लगीन झालं का कोणाचं?"

मी म्हटलं, "नाही, का हो?"

"चौक आहे ना हा. आमच्यात लग्नाला काढतात. पण मधे देवी असते. इथे तर घड्याळच बसवलंय."

त्या हसल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या. मी मात्र तिथेच उभा. कारण खरं सांगतो, तोवर माझ्यासाठी वारली म्हणजे दोन त्रिकोण, एक गोल डोकं आणि काडीचे हातपाय एवढंच होतं. शाळेत चित्रकलेच्या तासाला सगळ्यात सोपे मार्क त्यातच मिळायचे. हा चौक काय असतो, त्यात कुठली देवी असते, आणि ती गेली कुठे, हे शोधायला म्हणून वाचायला लागलो आणि त्यातून आजचा भाग झाला.

तर आधी चौक समजून घेऊ. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हा सगळा पट्टा आज पालघर जिल्ह्यात येतो. २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यात होता. इथलं वारल्यांचं जुनं घर म्हणजे कारवीच्या काठ्यांचा किंवा बांबूचा कूड, त्यावर माती आणि शेणाचा लेप. लग्न ठरलं की आतल्या खोलीतली एक भिंत पुन्हा लिंपतात, तिच्यावर गेरू चढवतात. तांदूळ भिजवून, वाटून त्याचा पांढरा रंग करतात. ब्रश म्हणजे बांबूची काडी, तिचं टोक चावून मऊ केलेलं. बस. माती, शेण, गेरू, तांदूळ आणि काडी. दुकानातून आणावं असं त्यात जवळपास काहीच नाही.

या भिंतीवर सवाशिणी चौक काढतात. सवाशीण म्हणजे जिचा नवरा हयात आहे अशी बाई. आधी मोठा चौरस, त्याला नक्षीच्या पट्ट्यांची चौकट. आत पालघट देवी. ही वनस्पतींची, सुफलतेची, नव्या जिवाची देवी. तिच्या आजूबाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडं, घोड्यावर बसलेले नवरा-नवरी. बाजूला एक छोटा देवचौक, त्यात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव, म्हणजे पाच डोक्यांचा. बायका काढता काढता गातात. लग्न लावणारी असते धवलेरी. तीही बाईच. तिची गाणी हेच मंत्र. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की चौकाशिवाय लग्न लागत नाही. आपल्याकडे अंतरपाटाशिवाय जसं लग्न लागत नाही, तसंच.

आता माझ्या डोक्यात जो पहिला गोंधळ झाला तो तुमच्याही होईल. आपण याला 'घराची सजावट' म्हणतो. पण घर सजवायचं असतं तर माणूस दर्शनी भिंत निवडेल ना? हे चित्र आतल्या अंधाऱ्या खोलीत. ते पाहुण्यांनी वाहवा करावी म्हणून नाही, देवीनं तिथे येऊन बसावं म्हणून काढलेलं. लग्न झालं, पावसाळा आला, भिंत ओलावली, धुरानं काळवंडली, पुढच्या कार्याला पुन्हा लिंपली गेली. चित्र संपलं. कोणी हळहळलं नाही, कारण त्याचं काम झालेलं होतं.

इथेच इतिहासाची अडचण सुरू होते. तुम्ही शोधलंत तर अनेक ठिकाणी ठोकून लिहिलेलं दिसेल की ही कला दहाव्या शतकातली आहे, किंवा थेट पाच हजार वर्षांपूर्वीची आहे. भीमबेटकाच्या गुहेतली चित्रं आणि वारली चित्रं शेजारी ठेवून दाखवतात. दिसायला साम्य आहे, मान्य. पण साम्य म्हणजे पुरावा नाही. दर काही वर्षांनी लिंपल्या जाणाऱ्या मातीच्या भिंतीवरचं चित्र शंभर वर्षंसुद्धा टिकत नाही. बॅकअपच नसेल तर जुनी आवृत्ती कुठून काढणार? परंपरा जुनी असणार यात मला शंका नाही, कारण देवी, गाणी, विधी हे सगळं एका पिढीत उभं राहत नाही. पण आकडा कोणी छातीठोकपणे सांगितला तर त्याला विचारा, भिंत कुठली होती?

लेखी नोंदी मात्र वारल्यांच्या दुसऱ्याच एका गोष्टीच्या भरपूर आहेत. कर्जाच्या. आणि ती गोष्ट याच लग्नाशी बांधलेली आहे.

गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. १९७० चं पुस्तक, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार. मी ते कॉलेजात असताना एका मित्राकडून आणलं होतं आणि न वाचता परत केलं होतं. आता वाचलं. त्यात एक शब्द आहे, लग्नगडी. लग्न करायचं तर पैसा लागतो. वारल्यांमध्ये मुलीकडच्यांना देज द्यावं लागतं, गावाला जेवण आणि ताडी द्यावी लागते. हा पैसा वारली आणणार कुठून? जमीनदाराकडून. शंभर-दोनशे रुपयांच्या आसपासचं कर्ज. त्या बदल्यात नवरा त्या जमीनदाराचा गडी, आणि नवरी त्याच्या घरची गडीण. किती दिवस? कर्ज फिटेपर्यंत. आणि ते फिटत नसे, कारण हिशेबाची वही जमीनदाराकडे आणि वाचता कोणालाच येत नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मुंबई सरकारसाठी आदिवासींवर अहवाल तयार केला, त्यातही या कर्जाच्या गुलामीचं वर्णन आहे. म्हणजे हे फक्त कम्युनिस्टांचं म्हणणं होतं असंही नाही.

आता तो चौक पुन्हा डोळ्यांपुढे आणा. तांदळाच्या रंगानं भिंतीवर भरभराटीची देवी काढली जाते आहे. बायका गात आहेत. आणि त्याच मांडवातून ते जोडपं सरळ गुलामीत जातं आहे. ज्या घरात पेज प्यायलाही तांदूळ पुरत नाही, तिथे मूठभर तांदूळ वाटून भिंतीला लावले जात आहेत. आपण ज्याला छान, साधी, आनंदी आदिवासी कला म्हणतो तिच्या मागे हे होतं. गोल फेर धरून तारपा नाच करणारी माणसं आपल्या कपावर, पडद्यावर, लॅपटॉपच्या कव्हरवर आहेत. ती नाचत होती हे खरंच आहे. पण तेवढंच खरं नाही.

२३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची मोठी परिषद झाली. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं नाही, मजुरी रोख बारा आणे घ्यायची, वेठ बंद, असं ठरलं. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर आणि किसान सभा यांच्या मागे हजारो माणसं उभी राहिली. लग्नगड्यांना सोडवण्याची मोहीम निघाली. गावोगाव जाऊन सांगायचं की आजपासून तू मोकळा. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. पण लग्नगडी ही प्रथा त्या लढ्यानं मोडली.

पैशाची अडचण मात्र गेली नाही. आजही त्या भागात अशी जोडपी सापडतात जी वर्षानुवर्षं एकत्र राहतात, मुलं होतात, आणि लग्नाचा विधी पैसे जमतील तेव्हा होतो. कधी कधी मुलाच्या मांडवातच आई-बापाचंही लग्न लागतं. तोवर चौक थांबलेला असतो.

आता आपण भिंतीवरून कागदावर येऊ. आणि त्यासाठी थोडं बिहारला जाऊन येऊ, कारण या गोष्टीतला मुख्य माणूस तिकडून आला.

१९३४ साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. मिथिला भागात घरं पडली. पाहणी करायला गेलेला डब्ल्यू. जी. आर्चर नावाचा इंग्रज अधिकारी त्या पडक्या घरांत डोकावला आणि आतल्या भिंतींवरची चित्रं बघून थक्क झाला. ही होती कोहबरची चित्रं. कोहबर म्हणजे नवदांपत्याची खोली. कमळ, बांबू, मासे. काढणाऱ्या सगळ्या बायका. म्हणजे बघा, आपला चौक आणि त्यांचं कोहबर या सख्ख्या बहिणीच. दोन्ही लग्नाची, दोन्ही आतल्या खोलीतली, दोन्ही बायकांच्या हातची.

१९६६-६७ मध्ये बिहारात भीषण दुष्काळ पडला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी ठरवलं की या बायकांना कागद द्यायचे, त्यांनी चित्रं काढायची, ती विकून घरात पैसे येतील. हे काम घेऊन मुंबईहून गेलेला चित्रकार म्हणजे भास्कर कुलकर्णी. मराठी माणूस. त्यांनी मिथिलेतल्या गावागावांत फिरून बायकांच्या हातात कागद ठेवले. त्यातून जे झालं ते जगजाहीर आहे. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री. सीता देवींना १९८१ मध्ये. गंगा देवींना १९८४ मध्ये. सगळ्या बायका, सगळ्या नावानिशी.

हेच भास्कर कुलकर्णी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डहाणूकडे आले. चर्चगेटपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण मुंबईच्या कलाजगताला याचा पत्ता नव्हता. इथेही त्यांनी कागद दिले. आणि इथे जो हात पुढे आला तो होता जिव्या सोमा म्हसे यांचा. गंजाड गावचे. १९३४ चा जन्म, म्हणजे मिथिलेत भूकंप झाला त्याच वर्षीचा. सांगतात की लहानपणी आई गेली तेव्हा या मुलाचं बोलणंच थांबलं, आणि तो धुळीत चित्रं काढून बोलायचा. मोठेपणी ते बायकांचं काम करू लागले. आणि फक्त लग्नापुरतं नाही, रोज. एका पुरुषानं रोज बसून चित्र काढायचं, हे त्या समाजात नवीन होतं.

१९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलाकाराबरोबर प्रदर्शन. २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ ला ते गेले. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू हेही चित्रकारच. आज डहाणू पट्ट्यात कितीतरी घरं या कलेवर चालतात आणि त्याची वाट म्हसे यांनी पाडली. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र कुठे बघायला मिळालं तर नक्की बघा. त्या बारीक रेघांत एक अख्खी नदी श्वास घेते असं वाटतं.

मग माझा प्रश्न हा. माणूस एक. कागद एकाच उद्देशानं नेलेला. दोन्हीकडे चित्र बायकांचं, लग्नाचं. मिथिलेत जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी अशी नावं आली, आणि डहाणूत नाव आलं ते एका पुरुषाचं. चौक काढणाऱ्या सवाशिणींपैकी एकीचं तरी नाव तुम्हाला पटकन आठवतं का? मलाही नाही. २०११ च्या पद्मश्रींच्या यादीत म्हसे यांच्याबरोबर मिथिलेच्या महासुंदरी देवीही आहेत. एकाच यादीत दोन लग्नचित्रं, एकाचा मान बाईला, दुसऱ्याचा पुरुषाला.

असं का झालं? याचं एक ठाम उत्तर नाही, पण वाचून माझं मत काय झालं ते सांगतो. सवाशिणीसाठी चौक हा विधी होता. कधी काढायचा, कुठे काढायचा, आत काय असायला हवं, सगळं ठरलेलं. लग्न नसताना पालघट देवीला कागदावर बसवायचं आणि विकायचं, हे तिला सहज जमणारं नव्हतं. शिवाय ती दिवसभर दुसऱ्याच्या शेतावर. बसून चित्र काढायला तिला वेळ कोण देणार? पुरुषावर हे बंधन नव्हतं. त्याला देवी टाळून बाकी सगळं जग काढता आलं. जंगल, शेत, मुंग्या, जाळी, आगगाडी. म्हणजे ज्या नियमानं बायकांना त्या कलेचा मान दिला, त्याच नियमानं त्यांना बाजाराबाहेर ठेवलं. यात जिव्या म्हसे यांचा काहीच दोष नाही. त्यांनी कोणाचं हिसकावलं नाही. पण भिंतीवरून कागदावर येताना काहीतरी मागे राहिलं, एवढं खरं.

यशोधरा डालमियांचं १९८८ चं वारली चित्रांवरचं पुस्तक यासाठी महत्त्वाचं. त्यांनी चौक, गाणी, धवलेरी हे सगळं त्या त्या जागी जाऊन नोंदवलं. ते झालं नसतं तर आज आपल्याकडे फक्त कागदावरची चित्रं उरली असती आणि आपण म्हटलं असतं, हीच परंपरा.

हे सगळं वाचताना सारखी माझी आजी आठवत होती. चैत्रात ती दारापुढचा तुकडा सारवून गेरूनं रंगवायची आणि त्यावर पांढऱ्या रांगोळीनं चैत्रांगण काढायची. गौर, सूर्य, चंद्र, शंख, गोपद्मं, तुळशीवृंदावन. पुन्हा तेच, तांबड्यावर पांढरं. संध्याकाळपर्यंत कोणाचा तरी पाय पडायचा, बहुतेक वेळा माझाच. एकदाही आम्ही त्याचा फोटो काढला नाही. ते 'आजीचं काम' होतं. आज मी तिच्या नावापुढे चित्रकार लिहिलं तर नातेवाईक हसतील. मग डहाणूच्या बायकांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत याबद्दल मी कुठल्या तोंडानं बोलू?

वारली चित्रकलेला आता भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे त्या समाजाचा या नावावर कायदेशीर हक्क मान्य झालेला आहे. पण माझ्या घड्याळावर ना चित्रकाराचं नाव, ना गावाचं. कोणीतरी कुठेतरी संगणकावर बसून ती नक्षी काढली असणार, एक तुकडा केला आणि चारी बाजूंना चिकटवला. जवळून बघितलं तर चारी कोपरे तंतोतंत सारखे आहेत. हातानं काढलेल्या चौकात असं होत नाही. मी स्वतः कोड लिहितो, कॉपी-पेस्ट मला लगेच ओळखू येतं. तुम्हाला एवढंच सुचवीन की वारली चित्र घ्यायचं असेल तर डहाणू, जव्हारच्या चित्रकाराकडून घ्या, खाली सही बघा, नाव विचारा. आणि घरातलं कोणी विचारलं तर ते नाव सांगा.

शेवटी पुन्हा मावशींकडे येतो. एवढं सगळं वाचून झाल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्ही कधी चौक काढलाय का? म्हणाल्या, लहान असताना तांदूळ वाटायचं काम माझ्याकडे होतं. लग्न झाल्यावर जावेबरोबर दोन-तीनदा काढला. मागच्या वर्षी मुलाचं लग्न झालं तेव्हा घर सिमेंटचं झालं होतं. शेजारच्या पाड्यावरच्या एका पोराला बोलावलं, त्यानं पैसे घेऊन काढला. "चांगला काढला हो, आमच्यापेक्षा सरळ. पण गाणी आम्हीच म्हटली."

मी विचारलं, तुमच्या चौकात देवी कशी असायची, मला काढून दाखवाल? त्यांनी माझ्या वहीत, माझ्या जेल पेननं, ओट्याशी उभ्या राहून काढायला सुरुवात केली. दोन रेघा ओढल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "लगीन नाही काही नाही, उगाच कशाला बोलवायची तिला?" आणि पेन परत दिलं. ती वही माझ्याकडे आहे. दोनच रेघा.

घड्याळाबद्दलही विचारलं, काढून टाकू का? तर म्हणाल्या, "असू दे दादा. मला पुढच्या घरी साडेदहाला जायचं असतं, वेळ बघायला बरं पडतं."

तर घड्याळ अजून तिथेच आहे. तुमच्या घरात आजी, आई, मावशी, काकू यांच्या हातचं असं काही असेल, चैत्रांगण, नागपंचमीला भिंतीवर काढलेले नाग, दिव्याच्या अवसेची पाटावरची रांगोळी, तर फोटो काढून ठेवा आणि खाली त्यांचं नाव लिहा. आम्हालाही पाठवलंत तर आवडेल. आजच्यापुरतं एवढंच. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.